मापावरची शीग

तंजावरकडच्या गावांत ‘आज जेवायला काय?’ असं विचारावं आणि कुणी ‘भात’ म्हणून सांगावं, तर विचारणारा पुढच्या शब्दासाठी तसाच थांबून राहतो. भात असायचाच. विचारायचं असतं ते भाताशेजारी काय आहे, एवढंच. कावेरी इथवर येता येता एक नदी उरत नाही. वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी, अरसलारू अशी नवी नवी नावं घेत, म्हाताऱ्या गवयाने समेचं भान सोडून तान घ्यावी तशी ती पसरत जाते, आणि प्रत्येक नावाच्या दोन्ही काठांना भातशेतीच उभी असते. रेशनच्या दुकानात तांदूळ २०११ च्या जूनपासून फुकट मिळतो. तिथेच तूरडाळ ३० रुपये किलो आणि पामतेल २५ रुपये लिटर. तेव्हा पोट भरण्याची काळजी कावेरीने आणि सरकारने मिळून बरीचशी मिटवली आहे. ताट भरण्याची तेवढी आमच्याकडे राहिली.

आमच्याकडे म्हणजे तिरुवैयारूच्या अलीकडच्या एका गावात, कालव्याकडे पाठ करून बसलेल्या एका जुन्या घरात. नवरा निवृत्त झाला तेव्हा ‘आता गावी जायचं’ म्हणाला, आणि त्याचं गाव हे निघालं. त्याचे पूर्वज व्यंकोजीराजांच्या मागोमाग, म्हणजे १६७६ नंतर केव्हातरी, महाराष्ट्रातून इकडे आले असं घरात सांगतात. कशासाठी आले ते कुणी सांगत नाही. माझी खात्री आहे की ते भाताच्या वासाने आले. अशी खात्री मी बाळगू शकते, कारण माझं माहेर माणदेशातलं. आमच्याकडे भात शिजायचा तो दोघांसाठी, देवासाठी आणि तापातून उठलेल्यासाठी. देवाचा भात वाट्याला यायला सण यावा लागे, म्हणून आम्ही भावंडं अधूनमधून एकमेकांच्या कपाळाला हात लावून, कुणाचं नशीब उघडतंय का ते पाहत असू. अशा मुलखातली मुलगी तांदळाच्या कोठारात येऊन पडली, आणि नेमक्या त्याच वयात डॉक्टरांपासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळे तिला सांगू लागले, की बाई, भात कमी कर.

पेन्शन ठरलेलं, भाज्यांचे भाव कधीच न ठरलेले, आणि घरात तिघं: दोन म्हातारी आणि एक फार म्हातारी. मी फ्रिजच्या दारावर एक तक्ता लावला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी सूत्रं काढली, त्यांतला. दोन हजार उष्मांकांच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, फळं १०० ग्रॅम, दाणे आणि बिया ३५, तेल-तूप २७. हा सत्ताविसावा ग्रॅम मला फार आवडतो. पंचविसावर समाधान नाही, तिसाची हाव नाही. हैदराबादेत बसून कुणीतरी माझ्या फोडणीकडे इतक्या बारकाईने पाहिलं आहे या जाणिवेने कढईपुढे उभं राहताना पदर सावरावासा वाटतो. तक्त्याखाली मी आठवड्याची आखणी केली, वारांपुढे भाज्या आणि भाज्यांपुढे भाव लिहिले, आणि भावांचा रकाना पेन्सिलीने लिहिला, कारण टोमॅटोशी शाईने करार करू नये एवढं शहाणपण या वयात आलेलं असतं.

सासूबाईंनी चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. त्यांचं मराठी आमच्या मराठीहून तीनशे वर्षं जुनं आणि तमिळच्या हेलात झुलणारं. प्रत्येक वाक्य शेवटाला थोडं वर उचललं जातं, त्यामुळे त्या साधं बोलल्या तरी आपण काहीतरी उत्तर द्यायला हवं असं वाटतं. म्हणाल्या, “यात पडी कुठं आहे?”

पडी हे इकडचं जुनं माप. आमची पितळेची आहे, कडेला इतकी झिजलेली की ती आता स्वतःच्याच मापात बसत नसावी. घरातला तांदूळ अजून तिनेच निघतो. रीत अशी, की पडी कोठीत बुडवायची, वर काढायची, आणि कडेच्या वर जी शीग उभी राहील ती राहू द्यायची. हाताने कड सपाट करणं म्हणजे दारात आलेल्या पाहुण्याला ‘किती वाजले?’ विचारण्यासारखं. एकदा मी ती शीग निराळी काढून स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला.

“शीग मोजत नाहीत.”

“अहो, पण हिशेबात धरायला नको का?”

“हिशेबात धरली की ती शीग कसली?”

“मग ती कुणाच्या वाट्याची?”

“येईल त्याच्या.”

आमच्याकडे रोज कुणी येतं असं नाही. पण तेवढा भात रोज जास्त शिजतो, ही गोष्ट खरी, आणि तो वाया जाताना मी पाहिलेला नाही, हीसुद्धा.

माझ्या तक्त्याची वंशावळ मात्र मोठी गमतीची आहे. ही पोषण संस्था मुळात १९१८ साली निलगिरीच्या डोंगरात कुन्नूरला सुरू झाली, बेरीबेरी या रोगाचा तपास करायला, एका खोलीत. सुरू करणारा रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचा डॉक्टर. १९२० च्या दशकात त्याने पांढऱ्या उंदरांचे गट पाडले आणि एकेका गटाला हिंदुस्थानच्या एकेका मुलखाचं जेवण वाढलं. पुढे त्यांची वजनं केली, प्रकृती पाहिली आणि निकाल लावला. पहिला आला शीख उंदीर, दुसरा पठाण, तिसरा मराठा. त्याच्या मागे गुरखा, कानडी आणि बंगाली; आणि सगळ्यांत शेवटी, पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेला, किरकोळ, मद्रासी. मला ते उंदीर डोळ्यांपुढे दिसतात. शीख उंदीर रोटी संपवून दुधाकडे वळलेला, मराठा उंदीर भाकरी मोडतोय, आणि मद्रासी उंदीर केळीच्या पानाच्या तुकड्यापुढे मांडी घालून, पहिला भात झाला आता दुसऱ्या भाताला काय, अशा नजरेने वाढप्याकडे बघतोय.

ही हकिकत मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितली. त्यांनी ती मन लावून ऐकली. “रसम् दिलं होतं का त्यांना?” एवढं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मांडणी सुरू केली. “म्हणजे तू तिसरी, मी शेवटची.” मग ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या मुलाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तिसरा नंबर, त्यावर रोजचा शेवटचा नंबर, आणि तरीही पोट सुटलेलं. “हा कुठल्या पिंजऱ्यातला?” त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी दिवस हा प्रश्न घरात तसाच उभा होता.

डॉक्टरसाहेबांच्या निकालात खोट काढण्याची माझी योग्यता नाही. पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळात कोंड्याबरोबर त्यातलं जीवनसत्त्वही निघून जातं आणि त्यातून बेरीबेरी होतो, हे खरंच आहे. पण इथल्या शेतावर राबणाऱ्या माणसाने तो तांदूळ कधी खाल्लाच नव्हता. तो खातो पुळुंगल, म्हणजे भात तुसासकट उकडून, वाळवून मग सडलेला. उकडताना कोंड्यातला सत्त्वांश दाण्यात उतरतो. पच्चरिसी, म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळ, खाणार आमच्यासारखी घरं, ज्यांना पुळुंगलला वास येतो असं वाटतं. सासूबाई पुळुंगल फक्त इडलीला वापरतात, रेशनचा. गरिबाचा तांदूळ आपल्या घरात नाश्त्याच्या दाराने येतो आणि जेवणाच्या वेळेला त्याला ओळख दाखवायची नाही, असा हा जुना रिवाज आहे.

आणि इडलीचं म्हणाल, तर तिचा बेत इथल्या शेतानेच केलेला असतो. मेट्टूरच्या धरणाचं पाणी रीतीप्रमाणे १२ जूनला सुटतं, कल्लणैच्या बंधाऱ्यावरून फाटे फुटत गावोगावी येतं, आणि मग आधी कुरुवै, तिच्या मागून सांबा अशी भाताची पिकं होतात. पोंगलच्या आगेमागे सांबा कापणीला आला, की शेतकरी एक गंमत करतो. पीक अजून उभं असतानाच, कापणीच्या आठवडा-दहा दिवस आधी, त्या चिखलात उडीद नाहीतर मूग फेकून देतो. नांगरट नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. भात कापला जातो आणि धसकटांतून हिरवी कोवळी पानं वर येतात; जमिनीत राहिलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर उडीद वाढतो आणि उन्हाळा चढायच्या आत घरात येतो. तांदळात लायसिन कमी, ते डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात. पोषणतज्ज्ञांनी ही जोडी शोधली तेव्हा त्यांना आनंद झाला असेल. शेताला ती आधीपासून ठाऊक होती, आणि पाटाच्या पाण्याचा एकही जादा थेंब न मागता त्याने ती जुळवली होती. खळ्यावर भाताचं माप भरून झाल्यावर वर ही उडदाची शीग.

त्याच उडदाचं आमच्या घरातलं रूप म्हणजे डांगर पच्चडी. उडीद डाळ खरपूस भाजायची, दळायची, आणि ते पीठ मीठ घालून दह्यात कालवायचं. वर मोहरी-हिंगाची फोडणी, मिरचीचा तुकडा. शिजवायचं काही नाही. महिन्याअखेरीला गॅसचा सिलिंडर आणि माझा हुरूप दोन्ही एकदम संपायला येतात, तेव्हा ही पच्चडी फार उपयोगी पडते. माणदेशातल्या माझ्या आईला मी ती करून घातली, तर ती म्हणाली, हे आपलं डांगरच की, फक्त दह्यात पोहायला गेलेलं.

आहाराचे तक्ते करण्याची हौस तंजावरला नवी नाही. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई, तिच्या आश्रयाला रघुनाथ नवहस्त नावाचे महाराष्ट्रातून आलेले एक पंडित होते. त्यांनी संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ नावाचा ग्रंथ लिहिला: कोणतं धान्य कसं, कोणत्या पदार्थाचा गुण काय, कशाबरोबर काय खाऊ नये, कोणत्या ऋतूत काय खावं. मला त्या नावाचंच कौतुक वाटतं. पोषण नाही, पथ्य नाही, कुतूहल! पुण्याच्या भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी या रघुनाथ पंडितांचा माग काढला, आणि गंमत म्हणजे त्याच ग्रंथातल्या जिलेबीचाही काढला. हिताहिताचा एवढा विचार करणाऱ्या ग्रंथात जिलेबीची कृती सविस्तर दिलेली आहे. माझ्या तक्त्यात जिलेबीला जागा नाही. पंडितांच्या बाजूने बोलायचं तर, ज्याला जिलेबीसाठी एक पान राखून ठेवता येत नाही, त्याने माणसांसाठी आहारशास्त्र लिहू नये, उंदरांसाठी लिहावं. पुढे सरफोजीराजांच्या काळात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ झालं, ते मात्र मराठीत. त्याच राजाने १८०३ साली मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला, आणि घराण्याचा स्वयंपाक मात्र कागदावर ठेवला. इतिहास दगडावर टिकतो. स्वयंपाकाच्या पानावर तुपाचे डाग पडायला हवेत, त्याला कागदच बरा.

आमच्या ताटातल्या चारशे ग्रॅम भाज्यांचा खरा कारभार कीरैवालीकडे आहे. कीरै म्हणजे पालेभाजी. ही बाई सकाळी मोपेडवर येते, मागे ओल्या पोत्यात अरैकीरै, मुळैकीरै, शेवग्याचा पाला, कधी पोन्नांगण्णी. माझ्या आखणीत सोमवारी एक नाव लिहिलेलं असतं आणि तिच्या पोत्यात निराळंच निघतं. सुरुवातीला मी आखणी खोडून दुरुस्त करत असे. आता वाराच्या पुढे नुसतं ‘कीरै’ लिहिते आणि उरलेलं तिच्यावर सोपवते. पैसे देऊन झाले की ती न मागता कढीलिंबाच्या दोन-तीन डहाळ्या आणि चिमूटभर कोथिंबीर जुडीवर टाकते. याला इकडे कोसुरू म्हणतात. कोसुरू द्यायचं विक्रेत्याने, मागायचं गिऱ्हाइकाने नाही, आणि दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईकडून भाजी घ्यायची, असा सगळा न लिहिलेला कायदा. माझ्या जमाखर्चात आजवर कढीलिंबाचा खर्च शून्य आहे. एकही दिवस त्याच्याशिवाय फोडणी झालेली नाही.

एकदा तिला विचारलं, तू काय खाऊन निघतेस? म्हणाली, पळैयदु. म्हणजे रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवलेला, सकाळी आंबूस झालेला, त्यात ताक, मीठ आणि सोबतीला छोटे कांदे. आणि रात्री? रात्री भात, आणि दिवसभरात जे विकलं गेलं नाही ते. जो पाला कोमेजायला लागतो, ज्याला गिऱ्हाईक नाक मुरडतं, तो सगळा तिच्या मातीच्या भांड्यात जातो. कधी त्यात वाटीभर डाळ, कधी नागपट्टणकडून आलेल्या सुक्या मासळीचा तुकडा. मी मनात हिशेब मांडून पाहिला. धंदा जितका वाईट, तितकं तिचं ताट हैदराबादच्या तक्त्याच्या जवळ जातं. हे मी तिला सांगितलं नाही. सांगायची सोयच नव्हती.

परसात केळी आहेत. केळ एकदाच विते आणि मरते, पण मरताना काही वाया जाऊ देत नाही: केळफुलाची भाजी, दांड्याच्या गाभ्याचं कूट, कच्च्या केळ्याचे काप, पिकलेली केळी, आणि हे सगळं वाढायला पान. ताट आणि ताटातलं एकाच झाडाचं असण्यात एक काटकसरी डौल आहे. केळफुलाची एकेक कळी सोलून आतला चिवट दोरा काढावा लागतो, बोटं काळी होतात, तास जातो. तेवढा वेळ आम्ही दोघी बोलतो, त्यामुळे या भाजीचा भाव कसा लावायचा ते मला ठरवता आलेलं नाही.

सासूबाईंचा स्वतःचा तक्ता भिंतीवरच्या पंचांगात आहे. एकादशीला उपास, म्हणजे त्या दिवशीच्या स्वयंपाकाची बचत. द्वादशीला पारणं, आणि पारण्याला अगत्तीची भाजी हवीच; अगत्ती म्हणजे आपला हदगा. बरोबर आवळ्याची पच्चडी आणि तुपात परतलेली सुंडक्काय, वाटाण्याएवढी कडू हिरवी फळं. लोह, चुना आणि आवळ्याचं क जीवनसत्त्व, सगळं एका पानावर, पंधरा दिवसांनी, न चुकता, आणि कारण विचाराल तर विष्णू. मार्गळी महिन्यात तिरुवादिरैला सात भाज्यांचं कूट. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीचं पाणी चढतं म्हणून लिंबाचा, चिंचेचा, नारळाचा, दह्याचा असे भात घेऊन नदीकाठी जायचं. त्या दिवशी भाताबरोबर काय हा प्रश्नच रद्द, कारण भाताबरोबर भातच.

सात भाज्यांचं कूट पहिल्यांदा जेवले तेव्हा मला भोगीची भाजी आठवली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आजी चुलीपुढे बसायची आणि शेतातून जे येईल ते त्यात टाकायची: सोलाणे, घेवडा, गाजर, वांगं, ओल्या शेंगा, एखादं बोर, आणि वर तिळाचं कूट. बाजरीच्या भाकरीलाही तीळ. किती भाज्या घालायच्या याचा आजीचा आकडा साल पाहून बदलायचा. १९७२ च्या दुष्काळात शेतातून काही यायचंच नव्हतं. घरात लाल मिलो होती, अमेरिकेतून आलेली ज्वारी, जिच्या भाकरीचा रंग आम्हा मुलांना फसवणूक वाटायचा. आई-वडील दुष्काळी कामावर जात आणि तिथे मिळालेली सुकडी पदराच्या टोकाला बांधून आमच्यासाठी आणत. त्या वर्षी भोगीला आजीने पातेलं चढवलं, मूठभर डाळ आणि दोन वांगी घातली, ढवळलं, आणि ‘बाकीच्या भाज्या पुढच्या साली’ असं पातेल्यालाच सांगितलं. ती भाजी कमी तिखट होती एवढंच मला आठवतं. तिखटही जपून वापरत होती.

म्हणून सरफोजीराजांचं एक पत्र मला त्यांच्या सगळ्या ग्रंथसंग्रहाहून मोलाचं वाटतं. राज्य इंग्रजांकडे गेल्यावर, १८०१ साली, त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला छत्रांविषयी लिहिलं. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी बांधलेली ही छत्रं म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळा आणि अन्नछत्रं. तिथे काय चालतं ते राजांनी सांगितलं आहे: ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्याला शिजलेला भात, ज्याला शिजलेला चालत नाही त्याला कोरडा शिधा, मसाल्यासकट, आजाऱ्याला औषध आणि पथ्याचं जेवण, गरोदर बाईची काळजी, पोरक्या मुलांना आसरा. आणि मध्यरात्र झाली की एक घंटा वाजते, आणि पुकारा होतो, की अजून कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्याने यावं, त्याच्यासाठी भात आहे. पुढे ओरत्तनाडूला सरफोजींनी आपल्या प्रेयसी मुक्तांबेच्या आठवणीत एक मोठं छत्रही बांधलं. छत्राच्या कारकुनाने संध्याकाळी तांदूळ मोजून दिला असेल तेव्हा रात्री बारा वाजता येणारी माणसं त्याने कोणत्या रकान्यात धरली असतील, याचा मी खूप विचार करते. शेवटी मला एवढंच सुचतं, की त्याची पडी सपाट नसणार.

या मुलखात तो पुकारा थांबलेला नाही, फक्त त्याची वेळ बदलली. शाळेत दुपारचं जेवण द्यायला कामराजांनी १९५६ मध्ये सुरुवात केली. १ जुलै १९८२ पासून एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहाराची मोठी योजना आणली; त्यांचं बालपण कुंभकोणमला गेलं होतं आणि उपाशी पोटी शाळेत बसणं म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पुढे त्या जेवणात अंडं आलं. २५ ऑगस्ट २०२३ ला सकाळच्या नाश्त्याची योजना राज्यभर वाढवली, तीही याच त्रिभुज प्रदेशातल्या तिरुक्कुवळै गावातून, करुणानिधींच्या गावातून. आमच्या गावच्या शाळेत आता सकाळी उपमा, खिचडी, पोंगल, वर भाज्यांचं सांबार. कालव्याच्या कडेने मुलं पळत जाताना दिसतात. कीरैवालीचा नातू त्यांत असतो, आणि ती मला सांगते, की तो घरी आता उपम्यात खोड काढतो, शाळेतला चांगला असतो म्हणतो. ही तक्रार ती ज्या थाटात करते, त्या थाटात आमच्याकडे लोक मुलाच्या अमेरिकेची तक्रार करतात.

एवढं सगळं चाललेलं असताना नवऱ्याच्या रक्तात साखर सापडली. या भागात ती इतक्या जणांकडे सापडते, की डॉक्टरांनी बातमी देताना मान वरसुद्धा केली नाही. सांगितलं ते हैदराबादच्या तक्त्यासारखंच: अर्धं ताट भाज्या, पाव डाळ, पाव भात. मी मनातून थोडी सुखावले, कारण तक्ता माझा होता. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मुलाला बोलल्या असत्या, सुनेला बोलल्या असत्या, साखरेला काय बोलणार? मुलाच्या पानावर कीरै दुप्पट झाली, भात आवळ्याएवढा झाला, आणि तो ज्या चेहऱ्याने जेवू लागला त्यावरून तो कुठल्या पिंजऱ्यातला हे एकदाचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी तांदूळ काढताना त्यांनी पडी कोठीत बुडवली, वर काढली, आणि तळहाताची कड पितळेवरून फिरवून शीग बाजूला पाडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आता ती कोठीत परत जाईल. त्यांनी ती मुठीत घेतली, निराळी शिजवली, त्यावर तुपाचा थेंब टाकला आणि परसातल्या भिंतीवर नेऊन ठेवली. आपल्याकडे कावळ्याचा मान पितृपक्षापुरता, पंधरा दिवस. इथे तो रोजचा. घरात कुणी जेवायच्या आधी पहिला घास त्याचा. पण आजवर घास जायचा, आता मूठ जाऊ लागली, तीही तुपातली. आमचा कावळा ठरलेला आहे, मान थोडी तिरकी करून बघतो, आणि अलीकडे भिंतीवरून उडताना त्याला जरा प्रयत्न करावा लागतो हे माझ्या लक्षात आलं होतं.

“आई, त्याला एवढा भात? तूपसुद्धा?”

त्यांनी ताटली भिंतीवरून उचलली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांना शुगर नव्हती.”